तापलेला प्रोसेसर, कर्नलमधील चुका आणि खरेदीदाराचा हक्क

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

उन्हाळ्याची चाहूल लागली की आपल्या दैनिकासह बहुतेक सर्व वृत्तपत्रांत मोबाईल आणि लॅपटॉप तापू नयेत यासाठी काय करावे, याविषयीचे लेख प्रसिद्ध होतात. फोन उन्हात ठेवू नये, चार्जिंगला लावून त्यावर खेळ खेळू नयेत, जाड कव्हर काढून टाकावे, लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, पंख्याच्या जाळीतली धूळ वेळोवेळी काढून घ्यावी, असे सल्ले त्यांत असतात. हे सल्ले योग्यच आहेत. विदर्भात राहणाऱ्या माणसाला त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण अनेक कंपन्या आपल्या उपकरणांच्या माहितीपत्रकात वापराच्या जागेचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे असे छापतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. परंतु या सर्व लेखांत उपकरण तापण्याची आणि मंदावण्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या सवयींवर टाकलेली असते, आणि तिथेच एक महत्त्वाची बाजू सुटून जाते. तापलेला प्रोसेसर केव्हा मंद करायचा, किती मंद करायचा आणि पुन्हा केव्हा मोकळा सोडायचा, हा निर्णय बऱ्याच अंशी ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेले कर्नल घेते. या निर्णयांत चुका असू शकतात, त्या सापडतात, दुरुस्तही होतात. मात्र ती दुरुस्ती आपल्या हातातल्या उपकरणापर्यंत येईल याची हमी आज आपल्याकडे कोणीही देत नाही. मी अनेक वर्षे एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या (उपकरणांच्या आतच बसवलेल्या प्रोग्रामच्या) क्षेत्रात काम करतो आणि त्या अनुभवावरून ही सुटलेली बाजू वाचकांपुढे मांडावी असे मला वाटते.

आधी थोडे यंत्रणेविषयी. प्रोसेसर काम करत असताना निर्माण होणारी उष्णता त्याच्या घड्याळाच्या, म्हणजे काम करण्याच्या, वेगाच्या प्रमाणात आणि त्याला दिलेल्या विद्युतदाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात वाढते. वेग कमी केला की दाबही कमी करता येतो, त्यामुळे वेगात थोडीशी कपात केली तरी उष्णतेत त्याहून मोठी घट होते. तापल्यावर वेग आवरण्याची, थर्मल थ्रॉटलिंग म्हणून ओळखली जाणारी सोय मुख्यतः या साध्या गणितावर उभी आहे. चिपला इजा होऊ नये म्हणून अशी सोय चिपमध्येच असणे किती आवश्यक आहे, हे २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने केलेल्या एका प्रयोगाने जगाला दिसले. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरील हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग, काढून टाकल्यावर इंटेलचा पेंटियम ४ मंदावला पण टिकला, तर त्या काळचा एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळून गेला. आज सर्वच कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये असे अंगभूत संरक्षण असते. तथापि ते शेवटचा उपाय म्हणून ठेवलेले असते. त्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच तापमान आवाक्यात ठेवणे हे काम मोठ्या प्रमाणावर कर्नलकडे येते, विशेषतः ज्यांना पंखाच नसतो अशा फोनांत, टॅब्लेटांत आणि छोट्या बोर्डांत.

लिनक्स कर्नलमध्ये, आणि म्हणून त्यावर उभ्या असलेल्या अँड्रॉइडमध्येही, यासाठी एक स्वतंत्र चौकट आहे. उपकरणातील तापमान मोजण्याच्या जागांना थर्मल झोन म्हणतात, प्रत्येक झोनसाठी काही ट्रिप पॉइंट ठरवलेले असतात आणि एखादा ट्रिप पॉइंट ओलांडला गेला की गव्हर्नर नावाचा प्रोग्रामचा भाग पुढचा निर्णय घेतो. पंखा वाढवायचा, प्रोसेसरचा वेग एक पायरी उतरवायचा की आहे तसे चालू द्यायचे, हे तो ठरवतो. लिनक्स वापरणाऱ्या कोणालाही ही सारी हालचाल आपल्या डोळ्यांनी पाहता येते. कर्नल प्रत्येक थर्मल झोनसाठी एक लहानशी फाइल दाखवते आणि ती वाचली की अंशाच्या हजाराव्या भागात मोजलेले तापमान मिळते, म्हणजे ६५००० हा आकडा दिसला तर ६५ अंश समजायचे. शेजारच्या फाइलींत ट्रिप पॉइंटचे आकडे असतात आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या जातीचा आहे तेही लिहिलेले असते. ‘पॅसिव्ह’ असेल तर तिथून वेग उतरवायला सुरुवात होते, ‘क्रिटिकल’ असेल तर यंत्र बंद करण्याखेरीज मार्ग उरत नाही. एका खिडकीत हा आकडा दर सेकंदाला छापत ठेवावा, दुसऱ्या खिडकीत प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांना (‘कोअर’ना, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांना) निरर्थक फेऱ्यांत गुंतवून टाकावे आणि पाहत राहावे. आकडा चढत जातो, पॅसिव्ह पातळीपाशी येतो, वेग एक पायरी खाली येतो आणि सारे ठीक असेल तर आकडा तिथेच आसपास घोटाळत राहतो. संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे एकदा तरी करून पाहावे.

सारे ठीक नसेल तर काय होते, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण २०१७ मधील आहे. हायकी ६२२० हा विकासकांसाठी बनवलेला एक छोटा बोर्ड आहे आणि त्यावर आठ गाभ्यांचा प्रोसेसर १.२ गिगाहर्ट्‌झ वेगाने चालतो. असे बोर्ड एकावर एक रचून ठेवले, म्हणजे त्यांची उष्णता नीट बाहेर पडणार नाही अशी स्थिती झाली, की त्यांचे तापमान हळूहळू वाढत जाऊन शेवटी क्रिटिकल पातळीला पोहोचे आणि बोर्ड रीसेट होत असे. त्यासाठी विशेष काही चालवण्याचीही गरज नव्हती. प्रत्येक गाभ्यावर एक रिकामा, न संपणारा लूप, म्हणजे नुसत्या फेऱ्या मारणारा प्रोग्राम, चालवला तरी पुरे. विशेष म्हणजे या काळात गव्हर्नर झोपलेला नव्हता. तो सतत वेग बदलत होता, १.२ गिगाहर्ट्‌झवरून सुमारे ९०० मेगाहर्ट्‌झवर आणि पुन्हा १.२ वर, आणि त्याच्या या अखंड धडपडीत तापमान चढतच होते.

लिनक्सच्या थर्मल विभागाचे काम पाहणारे डॅनिएल लेझ्कानो यांनी या वागणुकीचा माग काढला. ‘स्टेप वाइज’ नावाचा हा गव्हर्नर दोनच गोष्टी पाहतो. तापमान ट्रिप पॉइंटच्या वर आहे का, ही पहिली आणि तापमानाचा कल चढता आहे की उतरता, ही दुसरी. तापमान वर आणि कल चढता असेल तर तो वेग एक पायरी उतरवतो, आणि इथपर्यंत त्याचे काही चुकत नव्हते. वेग उतरताच तापमान किंचित खाली येई, पण ते अजून ट्रिप पॉइंटच्या वरच असे. आता गव्हर्नरला दिसे की कल उतरता आहे, आणि तेवढ्यावर तो वेग पुन्हा वाढवून टाकत असे. तापमान पुन्हा चढे, वेग पुन्हा उतरे, किंचित गारवा आला की पुन्हा वाढे. घाट उतरताना चालकाने खालचा गिअर टाकावा, गाडी जराशी आवरली असे वाटताच, उतार अजून संपलेला नसताना, पुन्हा वरचा गिअर टाकावा आणि दर वळणावर हेच करत राहावे, तसा हा प्रकार होता. प्रत्येक फेरीत पूर्ण वेगाच्या काळात साठलेली उष्णता कमी वेगाच्या काळात पुरती बाहेर पडत नसे आणि शिल्लक वाढत जाई.

दुरुस्ती पाहिली तर ती अगदी लहान आहे. कल उतरता असला तरी तापमान जोवर ट्रिप पॉइंटच्या वर आहे तोवर वेग वाढवायचा नाही, आहे त्याच पायरीवर थांबायचे, आणि तापमान ट्रिप पॉइंटच्या खाली आल्यावरच पायरी चढायची. कोडच्या भाषेत सांगायचे तर उतरत्या कलाच्या शाखेत एका अटीची भर पडली. त्या एका अटीने बोर्डाचे तापमान ठरलेल्या पातळीभोवती स्थिरावले.

या प्रकरणातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले आहे असे मला वाटत नाही. हा दोष उष्णता नीट बाहेर पडत असताना दिसतच नव्हता. हवा खेळती असेल, खोली थंड असेल, तर वेगाची एक पायरी उतरवताच तापमान झटकन ट्रिप पॉइंटच्या खाली जाते आणि गव्हर्नरचा चुकीचा निर्णय घेण्याचा प्रसंगच येत नाही. उष्णतेला बाहेर पडायला वाव कमी असेल तेव्हाच ही चूक उघडी पडते. याचा अर्थ असा की, वातानुकूलित प्रयोगशाळेत उत्तम चालणारे सॉफ्टवेअर चंद्रपूरच्या एखाद्या पत्र्याच्या छपराखालच्या सेवा केंद्रात, जळगावच्या दुपारी किंवा सोलापूरच्या एखाद्या कारखान्यात चुकीचे वागू शकते, आणि त्या चुकीचा दोष हवेला, धुळीला किंवा वापरणाऱ्याला दिला जातो. सभोवतालची हवा तापलेली असते तेव्हा चिप आणि हवा यांच्या तापमानातला फरक घटतो, आणि उष्णता बाहेर पडण्याचा वेग त्या फरकावरच अवलंबून असतो. यात हवेचा वाटा खराच आहे. मात्र अशा हवेत कर्नलने कसे वागावे हे माणसाने लिहिलेले असते, आणि माणसाने लिहिलेले माणसाला सुधारता येते. उष्ण प्रदेशांतील वापरणाऱ्यांनी याबाबत अधिक जागरूक असायला हवे, कारण अशा चुकांचा पहिला फटका त्यांनाच बसतो.

दुसरे उदाहरण इंटेलच्या लॅपटॉपांचे आहे. त्यात कर्नलची चूक वेग आवरण्यात नव्हती, सांगण्यात होती. प्रोसेसरचा गाभा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की चिप कर्नलला इंटरप्ट, म्हणजे तातडीचा संकेत, पाठवते आणि कर्नल सिस्टीम लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) गंभीर दर्जाचा इशारा लिहीत असे, की तापमान मर्यादेबाहेर गेले असून घड्याळ मंद केले आहे. क्षणात सर्व पूर्ववत झाल्याचा दुसरा संदेशही येई. जुन्या डेस्कटॉपवर हा इशारा क्वचितच दिसे आणि दिसला तर त्याला खरोखर अर्थ असे, म्हणजे पंखा बंद पडला आहे किंवा हीटसिंक सैल झाली आहे. पुढे लॅपटॉप पातळ होत गेले, आणि इंटेल प्रोसेसरांच्या आयव्ही ब्रिज पिढीपासून कंपन्यांना ही मर्यादा खऱ्या धोक्याच्या बरीच आधी लावता येऊ लागली. परिणामी साध्या कामातही, अगदी संगणक सुरू होत असतानासुद्धा, मर्यादा क्षणभर ओलांडली जाऊ लागली. आठव्या पिढीच्या आय ५ प्रोसेसरच्या एका लॅपटॉपवर दोन तास काम चालवून पाहिले असता प्रत्येक गाभ्यामागे २० हजारांहून अधिक इंटरप्ट मोजले गेले, संपूर्ण चिपच्या पातळीवरचे तेवढेच वेगळे, आणि लॉग इशाऱ्यांनी भरून गेला.

ज्याने कधी कार्यालयातील संगणकांची देखभाल केली आहे त्याला यातला तोटा लगेच कळेल. इशारे रोजचेच झाले की कोणी ते वाचत नाही, आणि मग ज्या दिवशी पंखा खरोखर बंद पडतो त्या दिवशीचा इशाराही त्याच गर्दीत हरवतो. उलट एखादा नवखा वापरकर्ता तो गंभीर संदेश पाहून घाबरतो आणि चांगला लॅपटॉप दुरुस्तीला नेतो. इंटेलच्या अभियंत्यांनी २०१९ च्या अखेरीस यावर जो उपाय आणला आणि जो जानेवारी २०२० मध्ये ५.५ या आवृत्तीतून बाहेर पडला, तो मला अतिशय विचारी वाटतो. त्यांनी इशारा बंद करून टाकला नाही आणि मर्यादाही वर ढकलली नाही. मर्यादा ओलांडल्याचे कळताच कर्नल आता काही काळ तापमानावर नजर ठेवते, लागोपाठच्या तीन मोजण्यांची सरकती सरासरी काढते आणि वेग आवरूनही तापमान चढतच असेल तरच इशारा लिहिते. त्याचबरोबर आजवर सर्वाधिक किती काळ वेग आवरावा लागला आणि एकूण किती काळ यंत्र मंद राहिले, हे दोन आकडे मिलिसेकंदांत पाहण्याची सोयही करण्यात आली. त्याच लॅपटॉपवर पुन्हा चाचणी घेतली तेव्हा एकही इशारा आला नाही, कारण तापमान काबूत यायला लागलेला सर्वांत मोठा अवधी २८० मिलिसेकंदांचा होता. माझ्या मते या दोन आकड्यांचे मोल फार आहे. लॅपटॉप मंद वाटतो अशी मोघम तक्रार घेऊन दुकानात जाण्याऐवजी, तो उष्णतेमुळे दिवसभरात किती काळ मंदावला हे वापरणाऱ्याला दाखवता येते. दुकानदाराला मग नव्या यंत्राची शिफारस करण्यापूर्वी त्या आकड्यांकडे पाहावे लागेल.

या दुरुस्तीतूनच पुढे आणखी एक बिघाड उद्भवला. इंटेलच्या आइस लेक पिढीच्या काही यंत्रांवर संगणक सुरू होतानाच कर्नल कोसळू लागले. कारण असे की, तापमानावर नजर ठेवण्याचे जे काम ठरावीक वेळाने करायचे होते त्याची मांडणी पुरी होण्यापूर्वीच चिपकडून येणारा इंटरप्ट खुला झालेला असे. सुरू होतानाच प्रोसेसर तापला आणि इंटरप्ट आला की कर्नल अजून तयारच न झालेल्या कामाला हात घालायचे. जानेवारी २०२० मध्ये क्रम सुधारण्यात आला, आधी कामाची मांडणी आणि मग इंटरप्ट खुला. थोड्याच दिवसांत याच गोष्टीची दुसरी बाजू पुढे आली. एखादा गाभा बंद करताना हे नजर ठेवण्याचे काम नीट थांबवले जात नव्हते आणि ते बंद झालेल्या गाभ्याच्या नावाने चालू राहत होते. तेव्हा इंटरप्ट आधी मिटवून आणि उरलेले काम पुरते रद्द करूनच गाभा बंद करायचा, अशी सुधारणा झाली. सुरू करताना ज्या क्रमाने मांडले त्याच्या उलट क्रमाने आवरायचे, हा नियम प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षात शिकवला जातो. तरीही तो अनुभवी हातांकडूनही निसटू शकतो.

हे इतके तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की दुरुस्ती ही एकदा घडून संपणारी घटना नसते. एका सुधारणेतून दुसरी चूक निघते, ती सुधारली की तिसरी दिसते, आणि हे सारे उघड्यावर, कोणालाही वाचता येईल अशा रीतीने घडत असते. मी याकडे या पद्धतीचे बळ म्हणून पाहतो. २०१८ मध्ये ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोचा वेग भाराखाली अपेक्षेपेक्षा फार खाली येतो, असे एका परीक्षणातून पुढे आले, तेव्हा कंपनीने फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या भागांतच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) एक ‘डिजिटल की’, म्हणजे सांकेतिक किल्ली, राहून गेल्याचे मान्य केले आणि २४ जुलैला सुधारणा पाठवली. काम तत्परतेने झाले आणि त्याचे श्रेय कंपनीला दिले पाहिजे. परंतु नेमके काय चुकले होते आणि ते कसे सुधारले, हे बाहेरच्या अभ्यासकाला तपासता आले नाही. लिनक्समधील चूक मात्र नागपुरातील विद्यार्थीही ओळीओळीने वाचू शकतो, आणि योग्य कारण देऊ शकला तर स्वतःची सुधारणाही पाठवू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कर्नलच्या काही निवडक आवृत्त्या दीर्घकाळ जपल्या जातात आणि नव्या कोडमधील महत्त्वाच्या दुरुस्त्या त्यांत मागे नेऊन बसवल्या जातात. उदाहरणार्थ, नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेली ४.१४ ही आवृत्ती जानेवारी २०२४ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ सांभाळली गेली. अँड्रॉइड फोन साधारणतः ज्या कर्नल शाखेसह (अशा जपलेल्या आवृत्तीसह) विकला जातो त्याच शाखेवर आयुष्यभर राहतो. कर्नलच्या मुख्य प्रवाहात झालेली दुरुस्ती आधी त्या शाखेत येते, मग चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, तिथून फोन बनवणाऱ्या कंपनीकडे आणि शेवटी अपडेटच्या रूपाने ग्राहकाकडे. या साखळीतील एकाही कडीने हात आखडता घेतला की दुरुस्ती तिथेच अडते. शिवाय अनेक फोनांत चिपकंपनीने स्वतः लिहिलेली तापमान सांभाळणारी यंत्रणा कर्नलच्या जोडीला असते, आणि तिच्यातील चुका बाहेरच्या कोणालाच दिसत नाहीत. अपडेट आले तर काय होऊ शकते, हे आयफोन १५ प्रोच्या वेळी दिसले. फोन वाजवीपेक्षा जास्त तापत असल्याच्या तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सॉफ्टवेअरची १७.०.३ ही आवृत्ती काढून ॲपलने त्यावर उपाय केला. फोन तोच राहिला, फक्त सॉफ्टवेअर बदलले.

स्वस्त फोन आणि टॅब्लेट यांना असे भाग्य लाभत नाही. ते विकले जातात, वर्ष-दोन वर्षे मोजके अपडेट येतात आणि मग शांतता पसरते. आपल्या राज्यातील बहुसंख्य कुटुंबांकडे, ग्रामीण शाळांकडे आणि छोट्या दुकानांकडे असतात ती उपकरणे याच प्रकारची. ज्यांच्यापाशी वातानुकूलन नाही, ज्यांचे उपकरण सर्वांत अधिक तापते, त्यांच्यापर्यंतच दुरुस्ती सर्वांत कमी पोहोचते, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

येथे एक इशाराही द्यायला हवा. उन्हाळ्यात लॅपटॉप मंदावला म्हणून थ्रॉटलिंगच बंद करून देण्याचा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो आणि त्यासाठीचे प्रोग्राम सहज मिळतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक अशी सोय असते की मदरबोर्डवरील दुसरा एखादा भागही प्रोसेसरला तापल्याचा संकेत पाठवून मंद करू शकतो. चार्जर ओळखला गेला नाही किंवा एखादा सेन्सर बिघडला तरी हा संकेत अडकून राहतो, आणि यंत्र थंड असतानाही नीचतम वेगावर रखडते. अशा वेळी तो संकेत दुर्लक्षित करून काम भागवता येते हे खरे. पण बिघाड न शोधता संकेतच दाबून टाकणे धोक्याचे आहे, कारण उद्या विद्युतदाब नियंत्रित करणारा भाग खरोखर तापला तर त्याची हाक ऐकणारे कोणी उरणार नाही. थ्रॉटलिंग हे उपकरणाचे संरक्षण आहे. ते योग्य रीतीने चालावे एवढीच अपेक्षा धरावी, आणि त्यासाठी कर्नल व फर्मवेअर अद्ययावत ठेवणे हा पहिला उपाय असावा. धूळ साफ करणे आणि चिप आणि हीटसिंक यांमधली सुकलेली थर्मल पेस्ट बदलणे हेही अर्थातच करावे.

धोरणाच्या पातळीवर काही हालचाल होत आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी लागू केलेल्या नियमांत, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट उपलब्ध राहावेत अशी तरतूद आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी (उपकरण किती सहज दुरुस्त करता येते हे सांगणाऱ्या मापासाठी) नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला आणि त्यात सुट्या भागांच्या उपलब्धतेबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही एक निकष धरला आहे. हा निकष कागदावर न राहता खोक्यावर छापला जावा, आणि त्यात अपडेट किती वर्षे मिळतील एवढेच न सांगता कर्नलची शाखा कोणती व ती केव्हापर्यंत सांभाळली जाणार आहे हेही असावे, अशी माझी सूचना आहे. ग्राहक चळवळीचा मोठा वारसा असलेल्या महाराष्ट्रातून ही मागणी जोराने पुढे यायला हरकत नाही.

तोवर आपल्या राज्यापुरते एक काम लगेच करता येण्याजोगे आहे. जिल्हा परिषदा, महापालिका, विद्यापीठे आणि शासकीय विभाग हे टॅब्लेट व संगणकांचे मोठे खरेदीदार आहेत. त्यांच्या निविदांत प्रोसेसर, मेमरी आणि स्क्रीन यांची मोजमापे बारकाईने लिहिलेली असतात. त्याच कागदावर आणखी तीन अटी घालाव्यात. पुरवठादाराने किमान पाच वर्षे कर्नल आणि फर्मवेअरच्या दुरुस्त्या द्याव्यात. उपकरणाची चाचणी किमान ४५ अंशांच्या सभोवतालच्या तापमानात, सलग भाराखाली घेऊन वेग आणि तापमानाचे आकडे सादर करावेत. आणि उष्णतेमुळे यंत्र किती काळ मंदावले याची नोंद वापरणाऱ्याला पाहता यावी. यांपैकी दुसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण स्टेप वाइज गव्हर्नरमध्ये होती तशी चूक थंड खोलीतल्या चाचणीत सापडतच नाही. अशी चाचणी घेण्याइतकी साधने आपल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत, आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. त्यातून एखादी खरी चूक हाती लागली तर ती नेमक्या मोजमापांसह कर्नलच्या देखभालकर्त्यांना कळवण्याचा मार्गही मोकळा आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच आहे की, पुढील उन्हाळ्यात उपकरणांच्या काळजीविषयीचा लेख छापताना त्यात एक चौकट वाढवावी. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या विभागात कर्नलची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते, ती कशी पाहायची हे वाचकांना दाखवावे, आणि ती तारीख वर्षाहून जुनी असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात लेखी विचारणा करण्यास सांगावे. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर दुकानदाराला अपडेट केव्हापर्यंत मिळतील हा प्रश्न विचारण्याचेही सुचवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नागपूर